स्मिथसोनियनचं दप्तर आणि त्यात शोधायचं कसं

जेम्स स्मिथसन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आयुष्यात एकदाही अमेरिकेला गेला नव्हता. १८२९ मध्ये तो इटलीत जिनोआला वारला. सगळी मालमत्ता पुतण्याला आणि पुतण्या निपुत्रिक गेला तर अमेरिकेला, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्या पैशातून वॉशिंग्टनला आपल्या नावाची संस्था निघावी आणि तिने ज्ञान वाढवावं, पसरवावं, एवढीच अट. पुतण्या १८३५ मध्ये गेला, मागे कोणी नव्हतं. १८३८ मध्ये लाखाहून जास्त सोन्याची नाणी जहाजाने अमेरिकेत पोचली. हे पैसे घ्यावेत का आणि घेतले तर त्यांचं करायचं काय, यावर अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, वर्षानुवर्षं खल झाला. शेवटी १८४६ मध्ये कायदा होऊन स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन उभी राहिली.

कधी न पाहिलेल्या देशाला त्याने हे सगळं का दिलं? खात्रीचं उत्तर आज कुणाकडेच नाही. खरं तर ते मिळायला हवं होतं, कारण त्याची पत्रं, वह्या, टिपणं आणि खनिजांचा संग्रह हे सगळं पुढे वॉशिंग्टनला आलं होतं. पण संस्थेच्या लाल दगडी इमारतीत, जिला सगळे 'कॅसल' म्हणतात, १८६५ च्या जानेवारीत थंडी म्हणून कामगारांनी चित्रदालनात स्टोव्ह बसवला आणि त्याचा पाइप धुराड्यात सोडायच्या ऐवजी भिंतीतल्या पोकळीत सोडला. आत ठिणग्या साठत गेल्या आणि २४ तारखेला आग भडकली. स्मिथसनचे कागद जळाले. संस्थेचे पहिले सचिव, म्हणजे प्रमुख, जोसेफ हेन्री यांच्या कचेरीतला पत्रव्यवहार जळाला. जॉन मिक्स स्टॅन्ली या चित्रकाराने अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची काढलेली सुमारे दोनशे चित्रं जळाली. स्मिथसनची पुस्तकं तेवढी बचावली. या आगीचं डोळ्यांदेखतचं वर्णन आपल्याला मिळतं ते हेन्रींच्या मुलीच्या, मेरीच्या रोजनिशीत, आणि ती रोजनिशी आता स्मिथसोनियनच्याच अभिलेखागारात जपलेली आहे.

स्मिथसोनियन म्हटलं की लोकांना आठवतात विमानं, डायनोसॉरचे सांगाडे, होप हिरा. २१ संग्रहालयं, एक प्राणिसंग्रहालय आणि १५ कोटींहून जास्त वस्तू व नमुने असा हा पसारा आहे. त्यातलं लोकांना दिसतं ते अगदी थोडं. पण त्याहून कमी लोकांना माहीत असतो तो कागदांचा भाग: पत्रं, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, फोटो, निगेटिव्ह, फिल्म, ध्वनिफिती, नकाशे, इमारतींचे आराखडे, कार्यालयीन फायली. हा साठा मोजतात घनफुटात, आणि तो दीड लाख घनफुटांच्या घरात आहे. एका घनफुटाच्या खोक्यात साधारण दोन-अडीच हजार पानं मावतात, म्हणजे मनातल्या मनात गुणाकार करून पाहा.

वस्तू गप्प असते

संग्रहालयाला इतके कागद कशाला लागतात, हे पक्ष्याच्या उदाहरणाने पटकन कळतं. निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या कपाटात पक्ष्याचं सुकवलेलं कातडं असतं. त्याच्या पायाला बोटभर चिठ्ठी बांधलेली असते: जातीचं नाव, ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. बस. तो पक्षी जंगलात होता की शेताच्या बांधावर, त्या दिवशी पाऊस होता का, जवळपास घरटं होतं का, स्थानिक लोक त्याला काय म्हणायचे, वाट दाखवणारा गावकरी कोण होता, यातलं काहीही त्या चिठ्ठीत मावत नाही. ते सगळं असतं संशोधकाच्या फिरतीवरच्या वहीत. अशा शेकडो वह्या स्मिथसोनियनच्या वेगवेगळ्या विभागांत, कपाटांत, कधी कुणाच्या टेबलाच्या खणात पडून होत्या. त्या शोधून त्यांची नोंद करण्यासाठी २०१० मध्ये खास प्रकल्प सुरू झाला. शंभर वर्षांपूर्वी एखादं रोप कोणत्या उंचीवर, कोणत्या महिन्यात फुलत होतं हे आज हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्याला हवं असतं, आणि ते मिळतं त्या मळक्या वहीतच.

ग्रंथालय, संग्रहालय आणि अभिलेखागार यांतला फरकही इथेच लागतो. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या हजारो प्रती जगात असतात आणि प्रत्येक पुस्तक स्वतंत्र असतं. संग्रहालयातली वस्तू एकच असते, पण तीही एकेकटी नोंदवली जाते. अभिलेखागारातला कागद एकटा नसतो. एखादं पत्र हे त्याच्या आधीच्या पत्राचं उत्तर असतं, ते ज्या फायलीत लावलं त्या फायलीमुळे त्याला अर्थ असतो, आणि ती फाइल ज्याने लावली त्या माणसामुळे फायलीला. म्हणून अभिलेखागारातली नोंद सुट्या कागदाची नसते, समूहाची असते.

आणखी एक गोंधळ इथेच निस्तरून टाकू. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज, ही वेगळी सरकारी संस्था आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तिथे आहे, स्मिथसोनियनमध्ये नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस ही तिसरीच. तिन्ही वॉशिंग्टनमध्ये, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि एकाच माणसाचे कागद तिघींत वाटले गेलेले असू शकतात. फ्रान्सिस डेन्समोर या बाईंचं उदाहरण घ्या. १९०७ पासून त्यांनी स्मिथसोनियनच्या मानववंशशास्त्र विभागासाठी मूळनिवासी जमातींची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. ब्लॅकफूट जमातीचे माउंटन चीफ फोनोग्राफसमोर बसून ऐकताहेत आणि शेजारी डेन्समोर, हा १९१६ चा फोटो कुठे ना कुठे तुम्ही पाहिला असेल. त्यांची नळकांडी आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कागद-फोटो स्मिथसोनियनमध्ये. गाणं ऐकायला एका इमारतीत जायचं, ते कोणी, का, कुठे गायलं हे वाचायला दुसऱ्या.

स्मिथसोनियनच्या आतही एकच दप्तर नाही. संस्थेचा स्वतःचा कारभार आणि तिथल्या शास्त्रज्ञांचे कागद सांभाळणारं 'स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन आर्काइव्ह्ज' वेगळं. भाषा, जमाती, उत्खननं यांचं 'नॅशनल अँथ्रोपोलॉजिकल आर्काइव्ह्ज' वॉशिंग्टनबाहेर मेरीलँडमधल्या सूटलँडला. चित्रकार-शिल्पकारांच्या कागदांचं 'आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट' तर मुळात १९५४ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालं आणि १९७० मध्ये स्मिथसोनियनमध्ये आलं. लोकसंगीत आणि लोकजीवनाचं वेगळं, विमानं-अवकाशाचं वेगळं, आफ्रिकी कलेच्या फोटोंचं वेगळं. अगदी बागांचंसुद्धा आहे.

कुणाचे कागद, हा पहिला प्रश्न

आता मुख्य मुद्दा, ज्यावर नवखा माणूस हमखास अडतो. गूगलवर शोधायची सवय असलेला वाचक विषय टाइप करतो: 'दुष्काळ', 'भारत', 'विमान'. अभिलेखागार विषयानुसार लावलेलंच नसतं. ते लावलेलं असतं कागद कुणाकडून आले त्यानुसार.

मराठी इतिहास वाचणाऱ्यांना हे नवं वाटायला नको. आपण 'मेणवली दफ्तर' म्हणतो ते काही मेणवली गावाविषयीचे कागद नव्हेत. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यात जे कागद राहिले, ते सगळे मिळून मेणवली दफ्तर. त्यात पानिपतानंतरचं राजकारण सापडेल आणि धान्याचा हिशेबही. उद्या कुणी हुशारी करून त्यातले लढाईचे कागद एका गठ्ठ्यात, लग्नाचे दुसऱ्या आणि जमिनीचे तिसऱ्या गठ्ठ्यात लावले, तर प्रत्येक कागद शाबूत राहील, पण नानांच्या टेहळणीत कोणती बातमी कोणत्या बातमीबरोबर आली हे कायमचं पुसलं जाईल. जगभरचे अभिलेखपाल याच भीतीने दोन नियम पाळतात: एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि मूळ मालकाने ज्या क्रमाने लावले तो क्रम होता होईल तो मोडायचा नाही.

क्रम न मोडल्याने काय हाती लागतं ते पाहायचं तर ड्यूक एलिंग्टनचा संग्रह पाहावा. जॅझचा हा दिग्गज १९७४ मध्ये गेला. १९८८ मध्ये त्याचे कागद अमेरिकी इतिहास संग्रहालयाकडे आले, त्यात स्वरलिपीची सुमारे लाखभर पानं. इतर संगीतकार स्वरलिपीवर लिहितात 'दुसरा ट्रम्पेट', 'पहिला सॅक्सोफोन'. एलिंग्टनच्या पानांवर वादकांची नावं दिसतात, तीही टोपणनावं: 'कूटी', 'रॅब'. कूटी विल्यम्स आणि जॉनी हॉजेस यांच्यासाठी. हा माणूस वाद्यासाठी लिहीत नव्हता, समोरच्या वादकाच्या सुरासाठी लिहीत होता. छापील पुस्तकात ही नावं गळून गेली असती.

कला विभागातही असाच प्रकार. १९१३ च्या न्यूयॉर्कच्या आर्मरी प्रदर्शनाने अमेरिकेला आधुनिक युरोपीय चित्रकलेचा पहिला मोठा धक्का दिला. त्याच्या आयोजकांपैकी वॉल्ट कून यांच्या कागदांत पिकासोने १९१२ मध्ये स्वतःच्या हाताने खरडलेली यादी आहे: प्रदर्शनात कुणाची चित्रं घ्यावीत त्यांची नावं. त्यात हुआन ग्रिस आहे, लेजे आहे. ही यादी सापडते ती कूनच्या नावाखाली, पिकासोच्या नाही. कारण पत्र पाठवणाऱ्याकडे राहत नाही, ते ज्याला मिळतं त्याच्याकडे राहतं. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धं शोधकाम सोपं होतं.

कागद आले की लगेच वाचकाला मिळत नाहीत. आधी ते घ्यायचे की नाही हे ठरतं, आणि बरेच घेतले जात नाहीत. देणाऱ्याशी करार होतो. मग बुरशी, कीड, गंजलेल्या टाचण्या, चिकटपट्ट्या काढायच्या, आम्ल नसलेल्या फोल्डरांत कागद ठेवायचे. जुन्या नायट्रेट फिल्मला तर वेगळी थंड खोली लागते, कारण ती पेट घेते. नंतर तयार होते संग्रहाची शोधसूची. ती प्रत्येक पत्राची यादी नसते. माणूस कोण होता, कागद कसे आले, किती खोकी आहेत, कुठल्या खोक्यात कुठला फोल्डर, फोल्डरवर नाव काय, एवढंच ती सांगते. 'पत्रव्यवहार, क ते ख, १९२४-२६' असं फोल्डरवर लिहिलेलं असतं आणि आत काय आहे हे फोल्डर उघडेपर्यंत अभिलेखपालालाही ठाऊक नसतं.

म्हणून 'अभिलेखागारात नवा शोध लागला' अशा बातम्यांत थोडी गंमत असते. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला, तो जगभर गाजला. त्या खटल्याचे कधीही न छापलेले फोटो २००५ मध्ये स्मिथसोनियनच्या अभिलेखागारात सापडले. ते हरवले नव्हते. विज्ञानाच्या बातम्या पुरवणाऱ्या 'सायन्स सर्व्हिस' या संस्थेच्या कागदांत ते होते, त्या संस्थेचे संपादक वॉटसन डेव्हिस यांनीच काढलेले. खोकी कपाटात होती, त्यांची नोंद होती. फक्त त्या फोल्डरांत स्कोप्स खटला शोधायला कुणी गेलं नव्हतं.

दहा लाख पानांचा विक्षिप्त माणूस

मला या साऱ्या पसाऱ्यातला सगळ्यात विलक्षण संग्रह विचारला तर मी जॉन पीबॉडी हॅरिंग्टनचं नाव घेईन. १९१५ पासून जवळजवळ चाळीस वर्षं तो स्मिथसोनियनच्या नोकरीत होता. काम एकच: अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या, मरणाच्या दारात असलेल्या भाषा उतरवून घ्यायच्या. शेवटचा बोलणारा म्हातारा किंवा म्हातारी जिथे असेल तिथे जायचं, दिवसचे दिवस बसायचं, शब्द, गोष्टी, गावांची नावं, औषधं, नाती, जे सांगतील ते लिहायचं. माणूस कमालीचा संशयी. आपलं काम सहकाऱ्यांनी चोरू नये म्हणून तो वह्या लपवून ठेवायचा, छापायचा अगदी थोडं. १९६१ मध्ये तो वारला आणि मग पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांतून, ओळखीच्यांच्या घरांतून खोकी येत राहिली. सगळं मिळून दहा लाख पानांच्या आसपास, शंभराहून जास्त भाषा-बोलींचं.

असेन्सियन सोलोर्सानो या मुत्सुन भाषा जाणणाऱ्या शेवटच्या बाई. त्या १९३० मध्ये वारल्या. त्यांच्या अखेरच्या आजारपणात हॅरिंग्टन त्यांच्या उशाशी बसून लिहून घेत होता. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि रागही येतो, दोन्ही. मरणाऱ्या बाईकडून शब्द काढून घेणं हे कितपत योग्य होतं, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. पण त्याच कागदांवरून आज मुत्सुन लोक आपली भाषा पुन्हा शिकताहेत. मायामिया या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचंही तसंच. त्यांच्या भाषेचे शेवटचे बोलणारे विसाव्या शतकाच्या मध्याला गेले. १८९० च्या दशकात स्मिथसोनियनच्याच आल्बर्ट गॅचेट यांनी केलेली टिपणं आणि त्याहून जुनी हस्तलिखितं वाचून डॅरिल बाल्डविन आणि इतरांनी ती पुन्हा घरात बोलायला सुरुवात केली. २०११ पासून वॉशिंग्टनमध्ये यासाठी खास शिबिरं झाली: जमातीतल्या एका माणसाबरोबर एक भाषाशास्त्रज्ञ बसतो आणि दोघं मिळून पणजोबांच्या काळची टिपणं वाचतात. ज्या कागदांची मूळ कल्पना 'हे लोक संपणारच, निदान नोंद तरी ठेवू' अशी होती, ते कागद त्याच लोकांच्या पोरांच्या पाठ्यपुस्तकाला उपयोगी पडताहेत.

संस्थेविरुद्ध साक्ष देणारे कागद

संस्था आपले कागद जपते ते आपली बाजू मांडायला, असं आपण धरून चालतो. स्मिथसोनियनच्या दप्तरात मात्र तिला तोंडघशी पाडणारे कागदही तिनेच जपलेले दिसतात. विमानाची गोष्ट यासाठी थोडी सविस्तर सांगतो.

संस्थेचे तिसरे सचिव सॅम्युअल लँगली हे खगोलशास्त्रज्ञ. युद्धखात्याकडून ५० हजार डॉलर घेऊन त्यांनी 'एरोड्रोम' नावाचं विमान बांधलं. पोटोमॅक नदीत तराफ्यावजा बोटीवरून ते ७ ऑक्टोबर १९०३ ला सोडलं, पाण्यात पडलं. ८ डिसेंबरला पुन्हा सोडलं, पुन्हा पडलं. चालक चार्ल्स मॅन्ली दोन्ही वेळा वाचला, पण वर्तमानपत्रांनी लँगलींची सालटी काढली. त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचं विमान किटी हॉकला उडालं.

लँगली १९०६ मध्ये वारले. पुढचे सचिव चार्ल्स वॉल्कॉट त्यांचे स्नेही. १९१४ मध्ये त्यांनी लँगलींचं विमान ग्लेन कर्टिसच्या ताब्यात दिलं. हा कर्टिस कोण, तर राइट बंधूंशी पेटंटवरून कोर्टात भांडणारा विमानकारखानदार. त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या तळ्यावर ते थोडंफार उडवून दाखवलं, पण त्याआधी पंख, आधार, बऱ्याच गोष्टी बदलल्या. त्या बदलांची वाच्यता न करता स्मिथसोनियनने ते पुन्हा जुन्या रूपात आणलं, संग्रहालयात टांगलं आणि खाली पाटी लावली: माणसाला घेऊन उडण्याची क्षमता असलेलं जगातलं पहिलं विमान. ऑरव्हिल राइट चिडले. वर्षानुवर्षं पत्रं लिहूनही उपयोग होईना तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी आपलं मूळ विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. अमेरिकेत उडालेलं पहिलं विमान इंग्लंडमध्ये, केवढी नामुष्की.

१९४२ मध्ये सचिव चार्ल्स ॲबट यांनी शेवटी संस्थेतर्फे निवेदन छापलं. १९०३ चं यंत्र आणि १९१४ ला उडवलेलं यंत्र यांत काय काय फरक होते त्याची यादी त्यात दिली आणि आधीचे दावे मागे घेतले. ऑरव्हिल १९४८ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला विमान स्मिथसोनियनमध्ये टांगलं गेलं, किंमत एक डॉलर. करारात मात्र कलम आहे: राइट विमानाआधी दुसरं कुठलं विमान माणसाला घेऊन उडालं असं स्मिथसोनियनने कधीही म्हटलं, तर वारस आपलं विमान परत घेऊ शकतात. लँगली, वॉल्कॉट, ॲबट या तिघांचेही कागद स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. कुणी कुणाला काय लिहिलं, काय माहीत असून काय सांगितलं नाही, हे आज कुणीही बसून वाचू शकतो.

मराठी वाचकाला इथे शिवकर बापूजी तळपदे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८९५ मध्ये मुंबईला चौपाटीवर त्यांचं 'मरुत्सखा' उडालं, ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. अमेरिकेतला वाद निकालात निघू शकला, कारण दोन्ही बाजूंची पत्रं, फोटो, मोजमापं शिल्लक होती. तळपदेंच्या बाबतीत तो वाद नीट सुरूही होऊ शकत नाही.

याहून गंभीर गोष्ट आलेश हर्डलिच्का यांची. १९०३ पासून पुढे जवळजवळ चार दशकं ते संस्थेच्या संग्रहालयात शारीरिक मानवशास्त्राचे प्रमुख होते. वंशांत उच्चनीच असतं हे त्यांचं मत, आणि ते सिद्ध करायला त्यांनी जगभरातून माणसांचे सांगाडे, कवट्या आणि मेंदू गोळा केले. पुष्कळदा त्या माणसांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या संमतीशिवाय. २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हे प्रकरण खोदून काढलं. अडीचशेहून जास्त मेंदू तेव्हाही संस्थेकडे होते. सध्याचे सचिव लॉनी बंच यांनी जाहीर माफी मागितली. हर्डलिच्कांचे कागद नॅशनल अँथ्रोपोलॉजिकल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. कोणते अवशेष कुठून आले, कुणी पाठवले, कधी पाठवले, हे शोधायचं तर त्याच नोंदवह्या उघडाव्या लागतात. मूळनिवासींचे अवशेष परत करण्याचं बंधन स्मिथसोनियनवर १९८९ च्या कायद्याने आलं आहे, आणि परत करायचे म्हणजे कुणाला, हेही कागदच सांगतात.

घरबसल्या काय मिळतं

बरंच मिळतं, सगळं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत स्मिथसोनियनने २८ लाख प्रतिमा कुणालाही, कशासाठीही, फुकट वापरायला खुल्या केल्या आणि त्यानंतर हा आकडा वाढत गेला. पण दप्तरातल्या कागदांचा मोठा भाग अजून स्कॅन झालेला नाही आणि बराचसा होणारही नाही. स्कॅन करायला खर्च येतो, त्याहून जास्त खर्च स्कॅन केलेल्याची नोंद करायला येतो. शोधसूच्या मात्र पुष्कळशा इंटरनेटवर आहेत, 'स्मिथसोनियन ऑनलाइन व्हर्च्युअल आर्काइव्ह्ज' या नावाने. तिथून सुरुवात करावी.

हस्ताक्षरातल्या कागदांची अडचण अशी की स्कॅन झाला तरी तो शोधयंत्राला वाचता येत नाही. त्यासाठी २०१३ मध्ये 'ट्रान्सक्रिप्शन सेंटर' सुरू झालं. जगातला कुणीही स्वयंसेवक घरी बसून पानं टंकित करतो, दुसरा तपासतो. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या 'फ्रीडमेन्स ब्युरो'च्या कागदांवर या पद्धतीने प्रचंड काम झालं. मूळ कागद नॅशनल आर्काइव्ह्जचे, टंकनाचा पुढाकार स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाचा. पूर्वजांचं नाव कुठेच न सापडणाऱ्या कुटुंबांना त्यात मजुरीच्या करारावर, रेशनच्या यादीत ते नाव दिसतं.

हक्कांचा भाग थोडक्यात. पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याच्या मालकीचा, पण पत्रातला मजकूर लिहिणाऱ्याच्या मालकीचा. अमेरिकी कायद्यात न छापलेल्या मजकुराचा हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. त्यामुळे 'स्मिथसोनियनने वाचू दिलं' म्हणजे 'छापायला परवानगी मिळाली' असं नव्हे. काही कागद मुळात दाखवलेच जात नाहीत: कुणाच्या आजारपणाच्या नोंदी, ठरावीक वर्षं बंद ठेवायच्या फायली, आणि जमातींनी विनंती केलेली विधींची वर्णनं किंवा फोटो. प्रत्यक्ष वाचनकक्षात जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते. पिशव्या बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर, कारण दोन उघडले की पानांची अदलाबदल ठरलेलीच.

आपल्याकडच्या धाग्यांपर्यंत

भारतातून, विशेषतः मुंबई-पुण्यातून या दप्तरात शिरायचं तर सगळ्यात सोयीचं दार म्हणजे डिलन रिप्ली. १९६४ ते १९८४ ते संस्थेचे सचिव होते. स्वतः पक्षीशास्त्रज्ञ, तेराव्या वर्षी भारतात पायी भटकलेले. मुंबईच्या सालिम अलींबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९६८ ते १९७४ या काळात निघाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा अभ्यास करणाऱ्याने वॉशिंग्टनच्या सूचीत 'सालिम अली' एवढंच टाकून थांबू नये. 'रिप्ली' टाकावं आणि मग त्यांच्या पत्रव्यवहाराच्या फोल्डरांची नावं वाचत जावं. त्या काळची कचेरी असल्याने आलेल्या पत्राच्या मागे पाठवलेल्या उत्तराची कार्बन प्रत लावलेली असते, म्हणजे संवादाच्या दोन्ही बाजू एकाच फोल्डरात मिळण्याची शक्यता चांगली.

दुसरा धागा रेशनच्या गव्हाचा. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली अमेरिकेने भारताला धान्य दिलं, त्याची किंमत रुपयांत घेतली. ते रुपये अमेरिकेला भारताबाहेर नेता येत नव्हते, ते इथेच साठत गेले. १९६५ पासून त्यातले काही स्मिथसोनियनला संशोधनासाठी मिळू लागले. पुरातत्त्व, प्राणिशास्त्र, कलेतिहास यांतले भारतातले कितीतरी प्रकल्प त्या पैशावर चालले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज, जिची भारतातली सुरुवात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाली, तिलाही त्यातून पैसा मिळाला. या कागदांसाठी शोधायचं नाव 'भारत' नाही आणि 'गहू' तर नाहीच. 'फॉरेन करन्सी प्रोग्रॅम' असं शोधायचं, कारण त्या कचेरीचं नाव तेच होतं.

तिसरा धागा १९८५ चा. भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर स्मिथसोनियनच्या लोकजीवन महोत्सवात 'मेला' भरला, आणि निसर्गविज्ञान संग्रहालयात 'अदिती' हे प्रदर्शन. राजीव सेठी यांनी भारतातले कारागीर, डोंबारी, जादूगार, बहुरूपी तिथे नेले होते. या महोत्सवांच्या ध्वनिफिती, फोटो, कार्यक्रमपत्रिका राल्फ रिन्झलर फोकलाइफ आर्काइव्ह्जमध्ये असतात, आणि तिथली मांडणी महोत्सवाच्या वर्षानुसार आहे. तेव्हा आपल्या गावचा कुणी कलावंत 'अमेरिकेला जाऊन आला होता' असं घरात सांगत असतील, तर आधी साल पक्कं करा, मग त्या सालची शोधसूची उघडा, आणि खोकं-फोल्डर क्रमांक लिहून तिथल्या अभिलेखपालाला ईमेल करा. क्रमांकासह विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं त्यांनाही सोपं जातं.